वैरण कुठली? कतारमधले सहा दिवस

रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

मुंबई ते दोहा विमानानं चार तास. म्हसवडहून मुंबई गाठायला मला याच्या दुप्पट वेळ लागला. उतरताना आधी निळा समुद्र दिसला आणि मग एकदम पिवळट जमीन. ओढा नाही, बांध नाही, कुठं बाभळसुद्धा नाही. आम्ही माणदेशी, कोरडं रान आम्हाला नवं नाही. पण आमच्याकडं हुलकावण्या देत देत का होईना, वर्षाला चार-साडेचारशे मिलिमीटर पाऊस पडतो. इथं पडतो ७५-८०. नदी तर अख्ख्या देशात एकही नाही. एवढ्या जमिनीवर तीसेक लाख माणसं राहतात आणि रोज दोन वेळा जेवतात.

लेक आणि जावई दहा वर्षांपासून इथं आहेत. "आई, एकदा या" म्हणून दोघं कितीदा तरी सांगत होते, पण घरी चार एचएफ, म्हणजे होल्स्टिन जातीच्या, गाई आणि तीस-पस्तीस मेंढरं-शेळ्या. धारेला माणूस हवंच. शेवटी हे म्हणाले, "मी बघतो आठवडाभर, तू जाऊन ये."

घरी पोचल्यावर चहासाठी दूध काढायला फ्रिज उघडला आणि तिथंच उभी राहिले. नातीला हाक मारली, म्हटलं मला एकेक पाकीट वाचून दाखव. दूध कतारचं. दही कतारचं. चिकन कतारचं. मटण ऑस्ट्रेलियाचं. कांदा आपला. काकडी कतारची. तांदूळ आपला बासमती, डाळही आपलीच. वरच्या कप्प्यात जावयांच्या मित्रानं ठेवलेलं गोठवलेल्या म्हशीच्या मांसाचं खोकं, त्यावरही भारताचं नाव. नातीला मजा वाटत होती. मी मात्र मनात एकच प्रश्न घोळवत होते. कतारच्या दुधाचं ठीक, पण त्या गाईची वैरण कुठली?

सोमवार, १७ फेब्रुवारी

दिवसभर घरीच. संध्याकाळी जावई कामावरून आले. ते बंदराकडच्या एका शीतगोदामात आहेत, त्यामुळं कुठून काय येतं ते त्यांना तोंडपाठ. चहा घेता घेता मी २०१७ चा विषय काढला. तेव्हा लेकीचा फोन आला की आमच्या पोटात गोळा यायचा.

५ जून २०१७, रमजानचा दहावा दिवस. पहाटे बातमी आली, की सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहरीन आणि इजिप्तनं कतारशी संबंध तोडले. कतारला जमिनीवरून बाहेर जायची एकच वाट, अबू समराची, आणि तिच्या पलीकडं सौदी. देशाच्या अन्नातलं साधारण ४० टक्के त्या एका दारातून यायचं. दूध तर जवळजवळ सगळं सौदीचं. समुद्रातून येणारा मालही बराचसा आधी दुबईच्या जबेल अली बंदरात उतरायचा आणि मग लहान बोटींनी इकडं यायचा. तीही वाट लगेच मिटली.

"आई, मी दुकानात गेलो तेव्हा दुधाच्या कपाटात नुसता गारवा उरला होता," जावई म्हणाले. "चिकन नाही, अंडी नाहीत. लोक दोन-दोन गाड्या भरून नेत होते. हिला तेव्हा सातवा महिना."

सातव्या महिन्याचं तेव्हा लेकीनं आम्हाला सांगितलं होतं, रिकाम्या कपाटाचं सांगितलं नव्हतं.

पण ही पळापळ फार दिवस चालली नाही. दोनेक दिवसांतच तुर्कस्तानातून विमानानं दूध आलं. डब्यांवरची भाषा कुणाला वाचता येत नव्हती, पण दूध ते दूध. इराणनं फळं-भाजी धाडली. ओमानच्या सोहार बंदरातून माल वळवला. आणि त्याच जून महिन्यात आपल्या न्हावा शेवा आणि मुंद्रा बंदरांतून थेट दोह्याच्या हमद बंदराला जाणारी बोटसेवा सुरू झाली. हे बंदर डिसेंबर २०१६ पासून चालू होतं, त्याचं रीतसर उद्घाटन सप्टेंबर २०१७ मध्ये झालं. ते सहा महिने उशिरा बांधून झालं असतं तर काय झालं असतं, हा विचार जावयांनी बोलून दाखवला आणि मग दोघंही थोडा वेळ गप्प बसलो.

गंमत अशी, की मी तिथं असतानाच कतारचे अमीर शेख तमीम बिन हमद अल थानी दिल्लीला गेले होते. टीव्हीवर ते आणि आपले पंतप्रधान दिसत होते. आमचं बोलणं चाललं होतं न्हावा शेव्याच्या कांद्याच्या पेट्यांचं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज ज्यासाठी आले ते बघितलं. दोह्याच्या उत्तरेला पन्नासेक किलोमीटरवर, अल खोरच्या वाटेला, 'बलदना'चा गोठा आहे. बलदना म्हणजे 'आपला देश'. २०१७ च्या आधी या मंडळींकडं मेंढ्या-शेळ्या होत्या. वाट बंद झाल्यावर महिनाभरातच, जुलैत, त्यांनी युरोपातून विमानानं गाई आणायला सुरुवात केली. पहिल्या खेपेला १६५ होल्स्टिन गाई बुडापेस्टहून आल्या. पुढं विमानांनी आणि बोटींनी हजारो आल्या. आज तिथं वीस हजारांच्या वर जनावर आहे.

आपण ज्याला गोठा म्हणतो, तसं मनात धरून जाऊ नये. एकेक शेड आमच्या गावच्या गल्लीएवढी लांब. वर मोठाले पंखे आणि धुक्यासारखं पाणी उडवणारे फवारे. फेब्रुवारीत गारवाच होता, म्हणून ते बंद होते. जून-जुलैत बाहेर ४५ च्या वर पारा जातो. एचएफ गाय थंड मुलखातली. २५ च्या वर गेलं की ती धापा टाकायला लागते आणि दूध आटवते. मी दर उन्हाळ्यात माझ्या गाईंवर ओली पोती टाकते. तिथं तेच काम यंत्रं करतात, आणि त्याला लागणारं पाणी समुद्राचं गोडं केलेलं असतं. दुभती गाय दिवसाला शंभर लिटरहून जास्त पाणी नुसतं पिते, अंगावर मारायचं वेगळं.

पाहुण्यांना काचेआडून धार बघता येते. खाली एक भलंमोठं गोल चक्र सावकाश फिरत असतं. गाई एकामागून एक आपल्या पायांनी त्यावर चढतात. कुणी हाकत नाही, ओरडत नाही. एका चक्रावर शंभर गाई मावतात. एक माणूस सडं पुसतो, दुसरा नळ्या लावतो. फेरा पुरा होईस्तोवर कास रिकामी होते, नळ्या आपोआप गळून पडतात आणि गाय मागं सरकत उतरून निघून जाते. मी एकाच गाईवर नजर ठेवली होती, कपाळावर पांढरा टिळा असलेली. चढताना तिची कास तट्ट फुगलेली आणि उतरताना सुरकुतलेली. तिच्या पुठ्ठ्यावर मांस चांगलं होतं, खूर स्वच्छ होते, लंगडत नव्हती. एवढ्या गर्दीत एका गाईची एवढी निगा राहते हे बघून बरं वाटलं. हे मी मनापासून लिहिते आहे, कारण मोठ्या गोठ्यांबद्दल माझ्या मनात अढी होती.

बाहेर बागेत पोरांसाठी शेळ्या-कोकरं ठेवली आहेत. नातीनं पाला भरवायला घेतला. मी तिच्या हातातली मूठ सोडवून घेतली आणि नाकाला लावली. लसूणघास. वाळवलेली, पण पानं झडू न देता वाळवलेली, रंग अजून हिरवा. उत्तम माल. तिथं काम करणारा पोरगा नेपाळचा होता. हिंदीत विचारलं, "ये घास यहाँ का है?" तो म्हणाला, "नहीं माँजी, जहाज से आता है." जावयांनी पुढचं सांगितलं: अमेरिका, स्पेन, रुमानिया, सुदान, जिथून जमेल तिथून. मका नि सोयापेंडही बाहेरचीच.

म्हणजे दूध कतारचं आणि वैरण चार समुद्रांपलीकडची.

आता इथं कुणीही म्हणेल, मग कसलं स्वावलंबन? परतीच्या वाटेवर मलाही तेच वाटत होतं. पण गाडीत बसल्या बसल्या हिशेब करत गेले, तसं मत बदललं. ताजं दूध आठवड्याच्या वर फारसं टिकत नाही. वाळलेल्या लसूणघासाची गाठ कोरड्यात ठेवली तर वर्षभर हलत नाही. दूध द्यायला शेजारीच लागतो. गाठी दहा देशांतून आणता येतात, आणि साठवता येतात. गाय दावणीला असली, की शेजाऱ्यानं सकाळी दार लावलं तरी संध्याकाळची धार होते. आम्ही दुष्काळात कडबा परजिल्ह्यातून आणतो, पण गाय विकत नाही, तेच हे. सरकारी आकडे असे, की ताज्या दूधदुभत्यात २०१७ आधी देश २८ टक्के स्वतःच्या पायांवर होता, तो १०६ वर गेला. २०१९ पासून बलदनाचं दूध बाहेरही जायला लागलं. आणि अलीकडं याच कंपनीनं अल्जीरियाच्या वाळवंटात दूधपावडरीचा मोठा प्रकल्प हाती घेतला आहे, वैरणीच्या शेतीसकट. वैरणीचा प्रश्न त्यांनाही टोचतो, हे त्यावरून मला दिसलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

दूध झालं, चिकन झालं. मटणाचं काय? त्यासाठी अल वक्राच्या जनावरांच्या बाजारात गेलो.

आटपाडीचा शनिवारचा बाजार मी लहानपणापासून बघते. तिथं पाय ठेवला की धूळ, लेंड्या, दोरखंड, हाताच्या रुमालाखाली बोटांनी ठरणारे भाव. इथं ओळीनं कुंपणाचे खण आहेत, वर पत्रा आहे, पुढं डांबरी रस्ता. गिऱ्हाईक गाडीतून न उतरता काच खाली करून भाव विचारतं. पण वास तोच. मेंढराच्या ओल्या लोकरीचा वास सगळ्या जगात एकच असावा.

एकेका खणात एकेक देश. अवासी हे या भागातलं अस्सल मेंढरू: अंग पांढरं, तोंड तपकिरी, आणि मागं रुंद चपटी चरबीची शेपटी, चालताना हेंदकाळणारी. सीरियाहून आलेली तीच जात. नज्दी लांब कानांची, काळ्या अंगाची, पांढऱ्या तोंडाची, सौदीची लाडकी. सुदानी मेंढी उंच, लोकर नाही, नुसते केस. आपल्या माडग्याळ मेंढीचं बाकदार नाक कुठं दिसतं का बघत होते, तर एका कोपऱ्यात तसल्याच नाकाची चार-पाच उभी. ती कुठली म्हणून विचारलं, तर विकणाऱ्यालाही सांगता येईना.

विकणारा बांगलादेशी होता, पंचविशीचा. मी एका अवासी पालव्याचा, म्हणजे कोवळ्या मेंढराचा, जबडा उघडून दात बघितले आणि पाठीच्या मणक्यावरून बोट फिरवलं, तसा तो सरळ उभा राहिला. "आप का भी बकरी का काम है?" म्हटलं, "हो बाबा." मग खरं बोलला. भाव सांगितला बाराशे रियाल, म्हणजे आपले साडेअठ्ठावीस हजारांच्या आसपास. रमजान दहा-बारा दिवसांवर आला होता, भाव चढणार होते. रमजानात सरकार कतारी नागरिकांना ठरावीक संख्येत मेंढ्या सवलतीच्या दरानं देतं. कत्तलखाने आणि सवलतीच्या मटणाचं काम बरीच वर्षं 'विदाम' ही कंपनी बघते. परदेशी माणसाला बाजारभाव.

मी विचारलं, "चारा क्या देते हो?" त्यानं पिशवी दाखवली. जव आणि गव्हाचा कोंडा. "चराने को कहाँ ले जाते हो?" यावर तो हसला आणि हातानं बाहेरचं रान दाखवलं. त्यात बोटभर गवत नव्हतं.

इथं खरी मेख आहे. ब्रॉयलर कोंबडी दीड-पावणेदोन किलो खाद्य खाऊन किलोभर वजन देते आणि चाळीस दिवसांत कापायला येते. म्हणून ताज्या चिकनमध्ये हा देश ५० टक्क्यांवरून १२४ वर गेला. शेड बांधा, खाद्य आणा, झालं. मेंढराला एक किलो वजन धरायला सहा-सात किलो कोरडी वैरण लागते, आणि वेळ लागतो तो वेगळा. ते रानात चरून स्वतःचं पोट स्वतः भरतं, तेव्हाच परवडतं. आमची मेंढरं पड रानातून, काढणी झालेल्या शेतातून आठ महिने फुकट खातात म्हणून आम्ही जगतो. इथं पाऊस झाला तर जानेवारी-फेब्रुवारीत चार दिवस हिरवं फुटतं, तेही मुळासकट खाल्लं जाऊ नये म्हणून सरकारनं चराईवर बंधनं घातली आहेत. विकत घेतलेल्या वैरणीवर वाढवलेलं मेंढरू बोटीनं आलेल्या मेंढराशी भावात टिकत नाही. २०३० पर्यंतची जी नवी अन्नसुरक्षेची योजना आहे, तिच्यात दूध आणि ताजं चिकन १०० टक्के, अंडी ७० टक्के, मासळी ८० टक्के, भाजी ५५ टक्के असं ठरवलं आहे. आणि लाल मांस? ३० टक्के. मला हा आकडा फार प्रामाणिक वाटला. जे जमीन देणार नाही ते कागदावर मागितलेलं नाही.

उरलेले ७० टक्के कुठून? फार वर्षं त्याचं उत्तर ऑस्ट्रेलिया होतं. तिथून मोठ्या बोटींवर हजारो जिवंत मेंढ्या चढवायच्या आणि दोन-तीन आठवड्यांनी आखातात उतरवायच्या. २०१७ च्या ऑगस्टात अशाच एका बोटीवर सुमारे २,४०० मेंढ्या उष्म्यानं मेल्या. पुढच्या वर्षी त्याचं चित्रण बाहेर आलं आणि ऑस्ट्रेलियात गदारोळ झाला. उन्हाळ्यातल्या खेपा बंद झाल्या. २०२४ च्या जुलैत तिथल्या संसदेनं कायदाच केला, की १ मे २०२८ पासून समुद्रमार्गे जिवंत मेंढ्या पाठवणं पूर्ण बंद. मेंढरं राखणारी बाई म्हणून मला तो कायदा पटतो. लोकरीचं जनावर लोखंडी मजल्यावर, खाली स्वतःचीच लीद, वर दमट उकाडा. एकदा टेम्पोत कोंडून तीन मेंढ्या गमावल्या तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. जिथं वाढलं तिथं कापावं आणि मांस थंड करून पाठवावं. तसं आता बरंचसं होतंही. ऑस्ट्रेलियाचं मटण विमानानं येतं. आपल्याकडून शेळ्या-मेंढ्यांचं जे मटण परदेशी जातं, त्याच्या मोठ्या गिऱ्हाइकांत अमिरातींबरोबर कतारही आहे. म्हशीचं मांस गोठवून बोटीनं येतं, ते फ्रिजमधलं खोकं त्यातलंच. पण ईदच्या कुर्बानीला जिवंत जनावर लागतं. ते मग सुदान, सोमालिया, सीरिया, इराण असं शोधत फिरावं लागतं. सुदानात एप्रिल २०२३ पासून युद्ध पेटलं आहे.

बाजारातून निघताना त्या पोरानं विचारलं, "माँजी, लेके जाओ एक." जावयांनी माझ्याकडं बघितलं. शेवटी शुक्रवारसाठी त्यातलंच एक ठरवलं. शेजारच्या कत्तलखान्यात पशुवैद्य आधी आणि नंतर तपासतो, शिक्का मारतो, मगच मांस हातात मिळतं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

जावयांनी अर्धी सुट्टी काढली आणि आम्ही सलवा रस्त्यानं निघालो, दक्षिण-पश्चिमेला, अबू समराच्या दिशेनं. दोन्ही बाजूंना दगडगोट्यांचं सपाट रान. आणि मग एकाएकी हिरवं! गोल, वर्तुळासारखं कापून काढलेलं, मधोमध चाकांवर फिरणारी लांबलचक पाण्याची नळी. मी गाडी थांबवायला सांगितली. इर्खाया नावाचं हे शेत. वैरणीचं शेत. कडेला बगळे, टिटव्या, आणि मला नाव न येणारे कितीतरी पक्षी. दुर्बिणी घेतलेली दोन माणसं नुसते पक्षी बघत बसली होती.

पाणी कुठलं? शहराचं सांडपाणी, शुद्ध केलेलं. इथल्या उत्तर भागात जमिनीखाली थोडं गोडं पाणी होतं. ते उपसून उपसून खाली गेलं आणि त्यात खारं शिरलं. आता वैरणीला भूजल वापरायचं नाही, सांडपाणीच वापरायचं, असं धोरण आहे. पिण्याचं पाणी जवळजवळ सगळं समुद्राचं. ते घरात येतं, वापरून गटारात जातं, तिथून शुद्ध होऊन इथं येतं आणि लसूणघास होऊन उभं राहतं. एकच पाणी दोनदा कामाला लागतं. म्हसवडच्या गटारांचं पाणी माणगंगेच्या कोरड्या पात्रात डबकी करून बसतं, ते माझ्या डोळ्यांपुढं आलं. आमच्याकडं काय कमी आहे?

दहा-बारा वर्षांपूर्वी या देशाकडं पिण्याच्या पाण्याचा साठा दोन दिवसांचा असायचा. समुद्रात तेल सांडलं किंवा यंत्र बिघडलं तर तिसऱ्या दिवशी नळ कोरडा. डिसेंबर २०१८ मध्ये त्यांनी काँक्रीटच्या प्रचंड टाक्या पुऱ्या केल्या, २४ टाक्या, साधारण सात दिवसांचं पाणी. बंदराशेजारी तांदूळ, साखर, खाद्यतेल यांची कोठारं बांधली. आणि एक नियमच ठरवला, की कुठलीही महत्त्वाची वस्तू एकाच देशाकडून घ्यायची नाही, तीन ते पाच देश हाताशी ठेवायचे. २०२३ च्या डिसेंबरात आपल्या सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा नाशिकच्या शेतकऱ्याचा कांदा मातीमोल झाला. लेक सांगते, इथं भाव वाढला, पण दुकानात कांदा होता. दुसऱ्याचा होता.

तरी एक गोष्ट त्यांच्या हातात नाही. आखाताबाहेरून बंदराला येणारी प्रत्येक बोट होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतूनच येते. जावई म्हणाले, "तिथं काही झालं की आमच्या गोदामात सगळे फोनला चिकटतात."

सीमेच्या अलीकडं थांबलो. ट्रक ये-जा करत होते. ५ जानेवारी २०२१ ला सौदीतल्या अल उला गावी समझोता झाला आणि ही वाट पुन्हा उघडली. इथंच जून २०१७ मध्ये जे घडलं ते मी आधी ऐकलंच नव्हतं. कतारी लोकांचे उंट आणि मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या सौदीच्या रानात चरायला असत, कारण चराई तिकडं. संबंध तुटले तसा सौदीनं हुकूम काढला, की जनावरं घेऊन जा. भर उन्हाळ्यात हजारो उंट आणि मेंढरं या वाटेवर अडकली. काही तहानेनं आणि उन्हानं मेली. मालक आपली जनावरं डागावरून ओळखून गोळा करत फिरत होते. कतार सरकारनं घाईघाईनं जवळच कुंपण घातलं, पाण्याच्या टाक्या आणि वैरण आणून ठेवली.

म्हणजे चारा छावणीच की.

२०१९ च्या उन्हाळ्यात मी पाच महिने छावणीत काढलेत. बांबूवर टाकलेलं कापड, खाली मी, शेजारी चार गाई. टँकर आला की घागरी घेऊन पळायचं. उसाची वाढी खाऊन गाईंची तोंडं सोलवटलेली. एक कालवड तिथंच व्यायली, तिचं वासरू आज माझ्या दावणीला सगळ्यात जास्त दूध देतं. त्या वाटेवर उभं राहून मला तो अनोळखी उंटवाला दिसत होता, डाग शोधत फिरणारा. आपलं जनावर परक्या रानावर अवलंबून असलं, की काय होतं ते त्याला आणि मला सारखंच ठाऊक. जावई लांब उभे राहिले, काही बोलले नाहीत.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सकाळी उम्म सलालजवळच्या अल मझरूआच्या भाजीबाजारात. हिवाळ्यात गुरुवार ते शनिवार इथं शेतावरची भाजी थेट विकतात. टोमॅटो, काकडी, कोबी, फ्लॉवर, वांगी, भोपळे, सगळं खोक्यानं. ताजं आणि स्वस्त. उन्हाळ्यात हाच बाजार बंद असतो.

दुपारी मटण. घरून आणलेला कांदा-लसूण मसाला, आणि पातेल्यात तेलाऐवजी त्या अवासीच्या शेपटीच्या चरबीचे चार तुकडे. ती वितळून पाण्यासारखी पारदर्शक झाली, कडेला कुरकुरीत कण राहिले. ते नातीनं मीठ लावून संपवले. मांस आपल्या पालव्यापेक्षा मऊ, पण चव थोडी बोजड, धान्यावर वाढलेल्या जनावराची असते तशी. रानातला पाला खाल्लेल्या बकऱ्याच्या रश्श्याला जो वास येतो, तो नव्हता. जावयांनी तीन भाकरी खाल्ल्या. पीठ मीच आणलेलं, आमच्या मालदांडी ज्वारीचं.

जेवणानंतर लेक म्हणाली, "आई, आमचं काही अडत नाही इथं. तू काळजी करू नकोस." २०१७ मध्येही तिनं हेच सांगितलं होतं. या वेळी मी तिच्यावर विश्वास ठेवला, कारण कोठारं ऐकली होती, टाक्या ऐकल्या होत्या, गोठा डोळ्यांनी बघितला होता.

घरी

रविवारी दुपारी म्हसवडला उतरले. ह्यांनी गाई धुऊन ठेवल्या होत्या. चहा होईपर्यंत मी चक्रावरची धार, विमानातल्या गाई, सगळं सांगितलं. ऐकून हे पहिल्यांदा काय बोलले असतील?

"वीस हजार गाई? आणि वैरण कुठली?"

मग लसूणघासाच्या गाठींचं, बोटींचं, कोठारांचं सांगितलं. आमच्याकडं मुरघासाचा, म्हणजे मुरवून साठवलेल्या हिरव्या वैरणीचा, एकच खड्डा आहे, चार गाईंना मार्चअखेरपर्यंत पुरतो. एप्रिल-मेचं दरवर्षी बघू म्हणतो आणि दरवर्षी बाहेरून घेतो, जो भाव सांगतील त्या भावानं. हे उठले, माळ्यावरून मापाची फीत काढली आणि गोठ्यामागच्या मोकळ्या जागेत जाऊन उभे राहिले. मी फितीचं दुसरं टोक धरलं.